टोपी किचनमध्ये पडली तर?

आमच्या सोसायटीच्या पिकलबॉल कोर्टावर पाय ठेवायचा तर आधी साहेबांसमोर उभं राहावं लागायचं. फाटकाच्या आत पांढऱ्या प्लास्टिकच्या खुर्चीवर साहेब, फाटकाच्या बाहेर येणारा माणूस, आणि मधलं लोखंडी फाटक अर्धं उघडं. ते पूर्ण उघडायचं की नाही, हे तुमच्या उत्तरांवर ठरायचं.

"सर्व्हिस केली. चेंडू नेटला लागला आणि पलीकडे बरोबर चौकोनात पडला. काय?"

मी जन्मभर टीव्हीवर टेनिस पाहिलेलं. बेधडक म्हणाले, "पुन्हा सर्व्हिस."

"खेळ चालू आहे, मॅडम," साहेब म्हणाले. "चेंडू परत तुमच्याकडे यायला निघालाय आणि तुम्ही गाडीतून उतरून रस्त्यात उभ्या आहात. नापास."

मी अकरावी-बारावीला गणित शिकवते. पोरांना नापास करण्याचा मला सराव आहे, स्वतः होण्याचा नव्हता. शिवाय मागे दोन शेजारणी उभ्या होत्या आणि त्या हसत होत्या. मी मनातल्या मनात साहेबांना जे काही म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

साहेब निवृत्त आरटीओ अधिकारी. लायसनच्या परीक्षा घेण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. आमच्या उस्मानपुऱ्यात असं एक घर नसेल, ज्यातल्या कोणी ना कोणी साहेबांपुढे आठचा आकडा काढताना पाय टेकवलेला नाही. सख्ख्या साडूला त्यांनी इतक्यांदा परत पाठवलं होतं की तो शेवटी दुसऱ्या जिल्ह्यात राहायला गेला आणि तिथे लायसन काढलं, असं लोक सांगायचे. साडू बदलीमुळे गेला होता, हे मला नंतर कळलं. पण लोकांची गोष्ट जास्त चांगली आहे.

पिकलबॉल आमच्याकडे आला तो सोसायटीच्या जुन्या बॅडमिंटन कोर्टावर. लांबी-रुंदी तीच, त्यामुळे नेट खाली घेतलं, रेषा नव्याने मारल्या आणि झालं. भोकाभोकांचा प्लास्टिकचा चेंडू, फळीसारखं पॅडल, दोन्हीकडे दोन-दोन माणसं. सोपा खेळ, गुडघे दुखणाऱ्यांनाही जमतो. एकच भानगड: नेटच्या दोन्ही बाजूंना एक पट्टा असतो, त्याला किचन म्हणतात. त्या पट्ट्यात उभं राहून चेंडू हवेतल्या हवेत मारायचा नाही. एक टप्पा पडला की मग खुशाल आत जा आणि मारा. साहेबांनी पेंटरला उभं करून तो पट्टा पिवळाधमक रंगवून घेतला होता, म्हणजे 'दिसलं नाही' म्हणायला कोणाला जागा नको.

नियमांचं पुस्तक त्यांना मुलाने फोनवर काढून दिलं होतं आणि ते त्यांनी नोकरीतल्या कायद्यासारखं पाठ केलं. आम्ही सगळे रॅली, फटके, घाम यांच्या मागे. साहेब त्या पुस्तकाच्या मागे. "हात सगळ्यांचा बसतो," ते म्हणायचे. "डोकं बसलंय का ते बघायचं असतं."

नापास झालेल्याला ते हाकलून देत नसत, एवढं मात्र खरं. त्याच्या डाव्या मनगटाला लाल रिबीन बांधत. "तुम्ही लर्निंगवर. खेळा, पण शेजारी पक्कं लायसनवाला पाहिजे." दोन रिबीनवाले एका बाजूला चालत नसत. पुढे कधीतरी उत्तरं बरोबर आली की साहेब स्वतः रिबिनीची गाठ सोडत. कात्री लावत नसत, नखांनी सोडत, कितीही वेळ लागो, आणि घडी घालून खिशात ठेवत.

खिशाचंही सांगायला हवं. टी-शर्टला खिसा नसतो, तो साहेबांनी शिंप्याकडून प्रत्येक टी-शर्टला लावून घेतला होता. त्यात दोन पेन, एक निळा आणि एक लाल. कोर्टावर लिहिण्यासारखं काहीही नसे, पण परीक्षकाच्या खिशाला पेन नाही हे त्यांना चालतच नव्हतं. गळ्यात शिट्टी. स्कूटर पार्किंगमधून काढताना, आजूबाजूला चिटपाखरू नसलं तरी, हात बाहेर काढून सिग्नल देत. एकदा मी त्यांना जिन्यात वळताना सिग्नल देताना पाहिलंय. त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, म्हणतात ते खोटं आहे. मी पाहिलंय.

टायरच्या दुकानाचे भाई आमचे सगळ्यांत जोरात मारणारे खेळाडू. त्यांची रिबीन महिनोन् महिने सुटेना. एका सकाळी ते वैतागून म्हणाले, "साब, आरटीओमें भी इत्ता नहीं पूछते थे आप."

"तिथं एवढं विचारलं असतं तर तुमच्याकडे टायर बदलायला कोण आलं असतं?" साहेब म्हणाले. "बोला. चेंडू तुमच्या बाजूला रेषेजवळ पडला. आत की बाहेर, तुम्हाला दिसलं नाही. काय?"

भाईंनी डोकं खाजवलं. "मेरेकू नहीं दिखा तो मैं कायकू झूट बोलूं? उसका पॉइंट."

साहेब खुर्चीवरून उठले आणि भाईंची गाठ सोडायला लागले. हा नियम त्यांचा सगळ्यांत लाडका होता: शंका असेल तर समोरच्याचा फायदा. त्याच्या खालोखाल दुसरा: आपली चूक आपणच सांगायची. पाय किचनच्या रेषेला लागला, समोरच्याने पाहिलं नाही, तरी आपण थांबायचं आणि 'फॉल्ट' म्हणायचं. "इथं हवालदार नाही," ते म्हणत. "आपली पावती आपणच फाडायची." बोलताना त्यांचा आवाज थोडा बदलायचा. मला वाटतं, नोकरीभर ज्या रस्त्याची त्यांनी वाट पाहिली तो त्यांना इथे, दोन नारळाच्या झाडांच्या मधे, सापडला होता.

आता साहेब आणि काकू बिडकीनला मुलाकडे राहतात. मुलगा तिकडच्याच कारखान्यात आहे. आमचं फाटक सताड उघडं असतं, कोणीही येतं आणि कसंही खेळतं. मला ते आवडत नाही. जिथे माझ्यावर पहिल्याच दिवशी अपमानाचा प्रसंग आला, तिथे आता कोणी अपमान करत नाही म्हणून मी चिडते.

ते तिकडे राहायला जायच्या बऱ्याच आधी, बिडकीनच्या त्या घराची वास्तुशांत होती तेव्हा मी माझ्या गाडीतून दोघांना घेऊन गेले होते. साहेब शेजारी, काकू मागे. पैठण रोडभर साहेब एक अक्षर बोलले नाहीत. हात मांडीवर, नजर समोर. मला कॉलेजातल्या माझ्या पोरांची कीव आली. पोचल्यावर ते उतरले, दार लावलं आणि खिडकीतून वाकून म्हणाले, "माझ्याकडे आला असतात तर मी तुम्हाला पास केलं नसतं."

"काय चुकलं?"

"गाडी चांगली चालवता. पण माफी मागत चालवता. जो येईल त्याला आधी जाऊ देता. हक्क आपला असेल तिथं जायचं असतं, नाहीतर मागच्याचा गोंधळ होतो."

मी काही म्हणायच्या आत मागून काकू उतरल्या आणि पदर सारखा करत म्हणाल्या, "लक्ष देऊ नका मॅडम. अर्ध्या जिल्ह्याला ह्यांनी लायसन दिलं. मी मागं बसूनच म्हातारी झाले. मला कोनी नापास तरी कधी केलं?"

त्या हसत म्हणाल्या, साहेबही हसले. मी मात्र ते वाक्य घेऊन घरी आले. साहेबांच्या घरात स्कूटर होती, पुढे चारचाकी आली, आणि काकूंना सायकलसुद्धा कोणी शिकवली नव्हती.

काकूंचं माहेर पाचोडकडचं. माहेरी मेंढरं होती, लग्नाआधीपर्यंत काकू भावांबरोबर त्यांच्यामागे हिंडलेल्या. शहरात येऊन इतकी वर्षं झाली तरी चालणं तेच, लांब ढांगा टाकत. सकाळी त्या चहाचा थर्मास घेऊन कोर्टावर यायच्या, बाकावर बसायच्या आणि आमचा खेळ बघत आमच्यावर शेरे मारायच्या. भाईंच्या फटक्याला त्या "बैल सुटला" म्हणत. किचनबद्दल त्यांचं मत सुरुवातीपासून चांगलं होतं. "जन्म किचनमधी गेला. इथं तरी त्याच्या बाहेर हुबं राहा म्हन्तेत, लई चांगला नियम हाय."

एकदा चौथा खेळाडू आला नाही. मी पॅडल काकूंच्या हातात दिलं. साहेब खुर्चीवरून बघत होते, म्हणाले, "लर्निंग," आणि रिबीन बांधली. काकूंनी कासोटा नाही, काही नाही, नेहमीच्या साडीचा पदर खोचला आणि उभ्या राहिल्या. पहिला चेंडू आला तो त्यांनी नुसता ढकलला. तो नेटच्या वर वीतभर चढला आणि पलीकडे किचनमध्ये जाऊन अलगद पडला. पलीकडे माझ्या बाजूला असलेले भाई धावले, वाकले, आणि पोटावर पडता पडता राहिले. दुसरा चेंडू तसाच. तिसरा तसाच, फक्त दुसऱ्या कोपऱ्यात.

पिकलबॉलमध्ये हा फटका सगळ्यांत अवघड. आम्ही तो व्हिडिओ बघून बघून शिकत होतो. मी विचारलं, हे कुठे शिकलात?

"मेंढरं वळवायला खडा मारायचा असतो तसाच हाय की. मेंढराला लागू द्यायचा नसतो. त्याच्या फुडं पडला पायजे, मग ते आपसूक वळतं." भाईंकडे बघून त्या म्हणाल्या, "वळलं का नाय?"

भाईंनी दोन्ही हात जोडले. मला इतका आनंद झाला की मी माझा पॉइंट गेल्याचं विसरून टाळ्या वाजवल्या.

येत्या रविवारी परीक्षा, साहेब म्हणाले. काकू सगळ्या प्रश्नांना टकाटक उत्तरं देत गेल्या. नेटला लागलेली सर्व्हिस? चालू. रेषेजवळचा न दिसलेला चेंडू? समोरच्याचा. पाय रेषेला लागला आणि कोणी पाहिलं नाही? आपुन पायलं ना, मग सांगायचं. आम्ही सगळे फाटकापाशी जमून माना डोलवत होतो. मग साहेबांनी शेवटचा प्रश्न काढला.

"किचनच्या बाहेरून चेंडू हवेत मारला. चेंडू पलीकडे पडला, त्यांना मिळाला नाही, पॉइंट आपला. त्याच झोकात आपल्या डोक्यावरची टोपी किचनमध्ये पडली. काय?"

"उचलायची," काकू म्हणाल्या.

हसून हसून आमचे डोळे भरून आले. साहेब हसले नाहीत. "फॉल्ट. नुसता पाय नाही, मारण्याच्या झोकात अंगावरचं काहीही किचनमध्ये पडलं तरी फॉल्ट. पॉइंट संपल्यावर पडलं तरी."

"पॉइंट सपला ना? मग खेळ सपला. सपलेल्या खेळात चूक कशी व्हईल?"

"गाडी थांबली आणि मागची पेटी पुढच्याच्या डोक्यावर पडली, तर दोष चालवणाऱ्याचाच. ब्रेक त्याने मारला."

"पेटी डोक्यावं पडली तर लागतं. टोपी पडली तर कुनाला लागतं?"

"नापास," साहेब म्हणाले.

इथून जे सुरू झालं ते आमच्या सोसायटीत अजून सांगितलं जातं. दर रविवारी साहेब तोच प्रश्न विचारत आणि दर रविवारी काकू तेच उत्तर देत. बरोबर उत्तर त्यांना पाठ होतं, पण त्या ते देत नव्हत्या. भाई समजवायला गेले, "काकू, बोल दो ना एक बार. बोलनेमें क्या जाता?"

"बोलायला काय जात नाय भाई. पन पटल्याबिगर कसं बोलू?"

मी म्हटलं मी शिक्षिका आहे, मला जमेल. मी त्यांना झोक, तोल, वेग असं बरंच काही कागदावर काढून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मॅडम, तुमचं पोरगं पेपर दिऊन घरी गेलं. घरी त्याच्या हातातनं तांब्या पडला. तुमी त्याचे मार्क कापता व्हय?" मी कागद घडी करून पर्समध्ये टाकला.

हे सगळं गमतीचं होतं, पण रिबीन गमतीची नव्हती. माझी रिबीन एव्हाना सुटली होती, पण सकाळी खेळणाऱ्या आम्हा बायकांत लायसनवाली मी एकटीच, बाकी सगळ्यांच्या मनगटाला लाल रिबीन. लायसनवाले पुरुष कामावर आणि मी कॉलेजात गेले की काकूंच्या शेजारी उभं राहायला कोणी नसे. जिच्याइतका हात कोर्टावर कोणाचा नव्हता ती बाई बाकावर बसून आमच्यासाठी चहा ओतायची. हळूहळू शेरे मारणंही थांबलं. मग एका सकाळी थर्मासच आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

साहेब एकटे खुर्चीवर बसलेले. नवीन आलेल्या एकाला त्यांनी एकच प्रश्न दोनदा विचारला. मी निघताना त्यांनी मला थांबवलं.

"मॅडम, तुम्हीही परीक्षा घेता. एखादं पोर सगळं बरोबर लिहितं आणि एकच उत्तर, येत असून, मुद्दाम चुकीचं लिहितं. काय करता?"

"मार्क कापते आणि पास करते."

त्यांनी मान हलवली. "आमच्याकडे तसं नाही. ब्रेक सोडून बाकी सगळं येतं, अशा माणसाला रस्त्यावर सोडता येत नाही." मग म्हणाले, "घरी बोलणं आहे. जेवण आहे. चहा आहे. फक्त या विषयावर बोलणं नाही. काल मी टीव्हीवर मॅच लावली तर उठून आत गेल्या."

इतका कडक माणूस इतका केविलवाणा दिसू शकतो, हे मला माहीत नव्हतं. मला त्यांचा राग होता, तो राहिला, पण सोबत वाईटही वाटलं. बायकोला नापास करणं सोपं होतं. स्वतःच्या शब्दातून बाहेर पडायला त्यांना फाटक सापडत नव्हतं.

ते सापडलं सोसायटीच्या मिश्र दुहेरी स्पर्धेमुळे. आजूबाजूच्या दोन-तीन सोसायट्यांना बोलावलं होतं. तारीख दोनदा पुढे गेली, कारण दोन्ही वेळा नळाला पाणी येण्याचा दिवस नेमका त्याच दिवशी आला, आणि पाण्याच्या दिवशी आमच्या शहरात कोणी घर सोडत नाही. अखेर ठरलं. रिबीनवाल्याला लायसनवाल्याबरोबर खेळता येत होतं. काकूंना निरोप गेला. त्या आल्या, फाटकाबाहेर उभ्या राहिल्या आणि साहेबांना म्हणाल्या, "माझ्याशेजारी लायसनवाला लागतो ना? मग तुमीच या."

आमच्यातल्या कोणी साहेबांना सामना खेळताना पाहिलं नव्हतं. परीक्षकाने स्टिअरिंग धरायचं नसतं, हे त्यांचं उत्तर ठरलेलं. त्या दिवशी मात्र ते उठून उभे राहिले. घसा साफ केला. सगळ्यांदेखत म्हणाले, "ठीक आहे. आणि जिंकलो तर रिबीन सोडतो. प्रश्न विचारणार नाही."

भाईंच्या हातातलं पॅडल खाली पडलं. साहेब कुठल्याही प्रश्नाशिवाय कोणाची गाठ सोडणार, हे आमच्यासाठी सूर्य दुसरीकडून उगवण्यापैकी होतं.

"शब्द?" काकूंनी विचारलं.

"शब्द."

साहेब खेळायला बरे होते. सुंदर नव्हे, बरे. प्रत्येक सर्व्हिसच्या आधी स्टेशनवर गाडीची घोषणा व्हावी तसा स्कोअर सांगत आणि बाजू बदलताना हाताने सिग्नल देत. उरलेलं काम काकू करत होत्या. समोरचे तरणेताठे खेळाडू जोर लावून मारत, काकू तो जोर काढून घेऊन चेंडू पिवळ्या पट्ट्यात ठेवत, आणि खेळाडू वाकून वाकून दमत. दुपारपर्यंत दोघं अंतिम सामन्यात होती. समोर पलीकडच्या सोसायटीतले दातांचे डॉक्टर आणि त्यांच्या डॉक्टरीणबाई. दोघं तिशीतली, गुणी आणि चपळ.

सामना अटीतटीचा झाला. अकराला संपणार, दोनची आघाडी हवी. आमची जोडी दहा, डॉक्टर नऊ, आणि सर्व्हिस काकूंच्या हातात. हा पॉइंट घेतला की कप आणि रिबीन, दोन्हीचा निकाल. मी कठड्याला इतकं घट्ट धरलं होतं की नंतर हाताला गंज लागलेला दिसला. काकूंनी सर्व्हिस केली. चेंडू चार-सहा वेळा इकडून तिकडे गेला. मग डॉक्टरांनी एक चेंडू छातीच्या उंचीने सणसणीत मारला. साहेब किचनच्या रेषेच्या बरोबर मागे उभे होते. ते पुढे झुकले, दोन्ही पाय जागेवर ठेवून, आणि तो चेंडू हवेतच परतवला. तो डॉक्टरांच्या मागे, पार कोपऱ्यात, आत पडला.

आम्ही सगळे त्या कोपऱ्याकडे बघत होतो. भाईंनी नाचायला सुरुवात केली. साहेबांनी, ज्यांना मी कधी मोठ्याने हसतानाही पाहिलं नव्हतं, दोन्ही हात वर केले आणि गळ्यातली शिट्टी लांबलचक वाजवली.

काकू खाली बघत होत्या.

त्या चार पावलं पुढे आल्या, नेटजवळ वाकल्या आणि पिवळ्या पट्ट्यातून काहीतरी उचललं. साडीला पुसलं. साहेबांसमोर जाऊन हात पुढे केला. त्यांच्या तळव्यावर लाल पेन होता.

"तुमचा पेन. किचनमधी पडला," त्या म्हणाल्या. आणि मग आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल असं, "फॉल्ट."

भाई एक पाय वर घेतलेला तसेच थांबले. डॉक्टरीणबाई नेटपाशी आल्या. "राहू द्या ना काकू. आम्ही कुठे पाहिलं?"

"मी पायलं ना."

साहेबांनी आधी पेनाकडे पाहिलं, मग खिशाकडे, मग पिवळ्या पट्ट्याकडे. "बरोबर," ते हळू म्हणाले. "फॉल्ट." आणि मग ते हसायला लागले. खांदे हलेपर्यंत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. हसतच त्यांनी काकूंचा डावा हात धरला. "पास," म्हणाले आणि गाठ शोधायला लागले.

काकूंनी हात काढून घेतला. "आधी खेळ सपवा."

सर्व्हिस समोर गेली होती. डॉक्टरांनी आणि बाईंनी ओळीने तीन पॉइंट घेतले आणि सामना संपवला. साहेबांचे पुढचे दोन फटके बाहेर गेले, त्यांचं लक्षच नव्हतं. कप पलीकडच्या सोसायटीत गेला. डॉक्टरीणबाईंनी तो घेताना काकूंना वाकून नमस्कार केला, आणि मला तेव्हा रडू आलं ते मी घाम म्हणून पुसलं.

चहाच्या वेळी मी काकूंच्या शेजारी बसले. विचारलं, शेवटी पटला म्हणायचा नियम?

"कुटं?" त्या म्हणाल्या. "मला अजून नाय पटला. टोपी पडली तर पडली. पन मॅडम, ह्यांना पटलाय ना? मग ह्यांचा पेन पडल्यावर ह्यांना तर लागू व्हायला पायजे. लोकांला लावायचा आन घरात सोडून द्यायचा, असं कसं व्हईल? मग ह्येंच्या लायसनला काय किंमत राह्यली? अन् मला ते किमतीचं पायजे व्हतं."

साहेब समोर उभे होते, गाठ सोडायला आलेले. त्यांनी हे ऐकलं. त्यांनी हात पुढे केला. काकूंनी त्यांना थांबवलं, गाठ दातांनी स्वतःच सोडली आणि रिबीन मांडीवर सरळ केली. मग साहेबांचं डावं मनगट धरून तिथे बांधली. चांगली दुहेरी गाठ मारली.

"चूक झाली आन सांगितली नाय," त्या म्हणाल्या. "लर्निंग."

साहेब मनगटाकडे बघत राहिले. "मला दिसलं नव्हतं," ते म्हणाले.

"दिसलं नाय तर कुनाचा फायदा?"

साहेब बाकावर बसले आणि काकूंनी त्यांना चहा दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकापाशी पांढरी खुर्ची नेहमीच्या जागी होती. तिच्यात काकू बसल्या होत्या. साहेब मागे उभे, टी-शर्टचा खिसा रिकामा, मनगटाला लाल रिबीन. बाहेर एक नवा तरुण इंजिनिअर उभा होता, पॅडल नवंकोरं, बूट नवेकोरे.

"हवेत चेंडू मारला," काकू म्हणाल्या. "पॉइंट आपला झाला. आन त्याच झोकात खिशातला पेन किचनमधी पडला. काय?"

तरुणाने क्षणभर विचार केला. "उचलायचा?"

"बरोबर," काकू म्हणाल्या. "आन मग?"

त्याने माझ्याकडे पाहिलं, मी भाईंकडे पाहिलं. काकूंच्या मागे साहेबांनी रिबिनीचा हात वर केला होता. त्यांना उत्तर येत होतं.